“कोण?” – “मी!”

दिवाळीनंतरच्या एका सकाळी आप्पांनी मला मुद्दाम बोलावून घेतले आणि चहाची कपबशी पुढे सरकवून, एखाद्या बिलावर हरकत काढावी तशा शांत पण निग्रही स्वरात विचारले, “घर माझं, टेबल माझं, हे यंत्रही माझ्याच पैशाचं, मग रोज सकाळी ते मला ‘तू कोण’ म्हणून का विचारतं?”

आप्पा म्हणजे माझे चुलते. वय ८१. जिल्हा कोषागारात ३२ वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. बोटांच्या सांध्यांत संधिवात मुरलेला असल्यामुळे बारा अक्षरांचा, मध्येच एक मोठे इंग्रजी अक्षर आणि शेवटी एक चिन्ह असलेला पासवर्ड टंकताना त्यांचे बोट हमखास शेजारच्या कळीवर पडते. आणि पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते काळे ठिपके उमटत असल्याने चूक कोणत्या ठिकाणी झाली हेही त्यांना कळत नाही. यास्तव तो पासवर्ड त्यांनी संगणकामागच्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या समासात पेन्सिलीने, कोषागारातल्या त्या जुन्या सुवाच्य वळणात, लिहून ठेवला होता. त्यांची मागणी सरळ होती: लॉगिनचा तो पडदा कायमचा काढून टाक.

मी तो पाच मिनिटांत काढू शकलो असतो. काढला नाही, कारण विचारणारा मनुष्य सारे आयुष्य हिशेबाच्या शिस्तीत वाढलेला होता आणि त्याला ‘सुरक्षिततेसाठी लागतं, आप्पा’ एवढ्या उत्तरावर वाटेला लावणे मला अप्रामाणिक वाटले. त्या सकाळी सुरू झालेले आमचे बोलणे तीन-चार दिवस चालले. पुढे जे लिहीत आहे त्यातील बरेचसे त्या बोलण्यातूनच उमगलेले आहे.

यंत्राने हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो कोणाच्या घरात नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी., या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी एकाच अवाढव्य संगणकाचा काळ अनेकांत वाटून देणारी एक व्यवस्था उभी केली. एकाने काम सांगायचे, यंत्राने ते क्षणभर करायचे, लगेच दुसऱ्याच्या कामाकडे वळायचे, आणि ही पाळी इतक्या त्वरेने फिरवायची की प्रत्येकाला यंत्र आपल्याच सेवेत आहे असे वाटावे, अशी तिची रचना होती. आता एकच यंत्र अनेकांच्या वहिवाटीत आले की कोणाची चीजवस्तू कोणती आणि कोणाच्या नावावर किती वेळ खर्ची पडला याचा हिशेब ठेवणे ओघानेच आले. म्हणून प्रत्येकाला एक नाव आणि त्या नावाबरोबर एक गुप्त शब्द देण्यात आला. परवलीच्या शब्दाचे संगणकातील कुलवृत्त हे असे आहे. तो चोरांसाठी जन्मला नाही. तो वाटेकऱ्यांसाठी जन्मला.

आणि जन्मापासून तो फुटतही आला. १९६२ साली त्याच संस्थेतील ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याला यंत्राचे अवघे चार तास मंजूर होते आणि तेवढ्यात त्याचे काम उरकत नव्हते. सर्वांचे पासवर्ड ज्या एका धारिकेत साठवलेले होते, तिची छापील प्रत मागण्याची आज्ञा छिद्रांकित कार्डावर घालून त्याने ती शुक्रवारी रात्री यंत्राकडे रवाना केली. शनिवारी सकाळी ती प्रत इतर कागदांसारखीच बाहेर आलेली होती. त्यानंतर काही वर्षांनी तर, यंत्रातील व्यवस्थापकांच्या विभागात एका वेळी एकाच माणसाने काम करावे हा नियम त्यांच्या सोयीखातर शिथिल केल्यामुळे, दोघांच्या तात्पुरत्या धारिकांची अदलाबदल झाली, आणि दिवसाची सूचना जेथे दिसायची तेथे सर्व सभासदांचे सर्व पासवर्ड, आत येणाऱ्या प्रत्येकाच्या समोर, छापून येऊ लागले. पुढे १९९० साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक कॉर्बाटो यांना मिळाले, तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्यानात हा प्रसंग स्वतः होऊन सांगितला. आपल्या व्यवस्थेतील व्यंग असे उघड सांगणाऱ्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

आप्पांचा आक्षेपही काही नवा नाही. त्याच संस्थेच्या एका प्रयोगशाळेत १९७७ च्या सुमारास पासवर्डांची सक्ती झाली, तेव्हा रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने ते शब्द उलगडून ज्याचे त्याला कळवले आणि त्याऐवजी नुसती मोकळी जागा ठेवावी, म्हणजे यंत्र पूर्ववत सर्वांना खुले राहील, अशी विनंती केली. सुमारे एक-पंचमांश लोकांनी ती मानलीही. स्टॉलमन यांना यंत्रावर पहारा नको होता तो मुक्त ज्ञानव्यवहाराच्या श्रद्धेने, आप्पांना नको होता तो सांधेदुखीमुळे. परंतु “मला रोज का विचारता?” हा सवाल दोघांचाही तोच आहे.

घरगुती संगणक आले तेव्हा त्यांच्यावर हा प्रश्न नव्हता, कारण वाटेकरीच नव्हते. १९९५ साली आलेल्या विंडोजमध्ये सुरुवातीला नाव आणि पासवर्ड विचारणारी एक चौकट दिसत असे खरी. पण ‘कॅन्सल’चे बटण दाबले की ती निमूटपणे बाजूला होई आणि यंत्र उघडे. अनेकांना ही मोठी गफलत वाटली. वस्तुतः ती चौकट जाळ्यातील दुसऱ्या यंत्रांशी ओळख सांगण्यासाठी आणि घरातल्या प्रत्येकाची मांडणी वेगळी ठेवण्यासाठी होती. दाराला कुलूप म्हणून ती कधी बसवलेलीच नव्हती. कचेऱ्यांसाठी तयार झालेली, प्रत्येक धारिकेची मालकी नोंदवणारी विंडोजची दुसरी शाखा १९९३ पासून निराळी वाढत होती. २००१ मध्ये ‘एक्सपी’च्या रूपाने तीच शाखा घराघरांत शिरली आणि कचेरीतली चौकशी दिवाणखान्यात येऊन बसली. आप्पांच्या टेबलावर जो प्रश्न रोज उभा राहतो, तो एवढा लांबचा प्रवास करून आलेला आहे.

आप्पांचे बालपण वाड्यात गेले. रात्री मोठ्या दरवाजाला अडसर पडे आणि येणे-जाणे त्याच दरवाजातल्या दिंडीने होई. उशिरा आलेल्याने कडी वाजवली की आतून “कोण?” असे विचारले जाई, आणि बाहेरचा नाव कधीच सांगत नसे. तो म्हणे, “मी!” आणि दिंडी उघडे. या ‘मी’मध्ये तसा काहीच अर्थ नाही, जगातला प्रत्येक मनुष्य मीच असतो, पण ऐकणारा शब्दाकडे लक्ष देत नसे, तो आवाज ओळखत असे. यंत्राला ही ओळख नाही. त्याच्या लेखी उंबरठ्यावर उभा असलेला प्रत्येकजण सारखाच अपरिचित, म्हणून जे केवळ एकालाच ठाऊक असेल असे काहीतरी त्याला मागून घ्यावे लागते. आप्पांना हे पटले. अपमानाची जी सूक्ष्म सल त्यांच्या प्रश्नात होती ती बहुधा येथेच निवाली.

परंतु ओळख पटवणे हे त्या शब्दाचे अर्धेच काम झाले. दुसरे काम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, आणि सोयीच्या हिशेबात खरी चूक होते ती याच ठिकाणी. तुम्ही टंकलेला पासवर्ड यंत्र नुसता पडताळून सोडून देत नाही. त्या शब्दापासून गणिताने एक किल्ली तयार होते आणि तुमच्या खात्यातील गुप्त ऐवज, ब्राउझरमध्ये साठवलेले इतर ठिकाणचे पासवर्ड, वायफायची वा पत्रव्यवहाराची गुपिते, त्या किल्लीने बंद केलेली असतात. ही गोष्ट ज्यांना प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी लिनक्सच्या उबुंटू या प्रकारात लॉगिनचा पडदा टाळण्याची सोय चालू करून पाहावी. यंत्र काही न विचारता सुरू होते, आणि ब्राउझर उघडताच एक वेगळीच चौकट पुढे येऊन सांगते की तुमचा किल्ल्यांचा जुडगा अजून बंद आहे, त्यासाठी पासवर्ड द्या. लोक वैतागतात. पण दरवाजा उघडा ठेवण्याची परवानगी म्हणजे तिजोरीची किल्ली नव्हे, एवढेच ते यंत्र प्रामाणिकपणे सांगत असते.

मग पडदा टाळायचा म्हणजे नेमके काय करायचे? विंडोजमध्ये ‘नेटप्लविझ’ नावाची एक लहानशी चौकट आहे. तीत ‘वापरकर्त्याने नाव व पासवर्ड दिलाच पाहिजे’ अशा अर्थाच्या ओळीवरची खूण काढली आणि एकदा पासवर्ड सांगितला की दुसऱ्या दिवसापासून यंत्र थेट कामाच्या पडद्यावर येते. अलीकडच्या आवृत्त्यांत ही खूण अनेकदा झाकलेली असते. यात पासवर्ड रद्द होत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. तो यंत्राच्याच खिशात ठेवलेला असतो आणि रोज सकाळी यंत्र तो स्वतःच स्वतःला सांगते. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत हाताने फेरफार करून हीच गोष्ट साधण्याचा जो जुना मार्ग लोक एकमेकांना सांगत आले, त्यात तर तो शब्द साध्या वाचता येण्याजोग्या अक्षरांत पडून राहतो. ॲपलच्या मॅकमध्ये तो किंचित वेष पालटून ठेवलेला असतो, पण वेष पालटण्याची रीत सर्वांसाठी एकच आणि सर्वश्रुत असल्याने ते झाकणे नाममात्रच. तथापि ॲपलने एक शहाणपण केले आहे: डिस्कवरील सर्व मजकूर कूटबद्ध करणारी ‘फाइलव्हॉल्ट’ ही योजना चालू असेल, तर लॉगिन टाळण्याची सोय ते यंत्र देतच नाही.

याहून निराळा मार्ग म्हणजे पासवर्डच न ठेवणे. ऐकताना हा सर्वांत निष्काळजी वाटतो; पण विंडोजमध्ये एक्सपीपासून असा दंडक आहे की ज्या स्थानिक खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्यात केवळ प्रत्यक्ष यंत्रासमोर बसूनच शिरता येते, जाळ्यातून दुरून शिरता येत नाही. म्हणजे रस्त्यावरच्या परक्याच्या दृष्टीने ‘१२३४५६’ हा पासवर्ड मुळीच नसलेल्या पासवर्डापेक्षा अधिक घातक ठरू शकतो. आप्पांना हा नियम फारच आवडला. “म्हणजे कुलूप नाही तर खिडकीच ठेवायची नाही,” ते म्हणाले, आणि मला त्यात दुरुस्ती करण्याजोगे काही आढळले नाही.

येथवर आपण दाराविषयी बोललो. भिंतीचे काय? सर्वसाधारण घरगुती संगणकाची डिस्क कूटबद्ध केलेली नसेल, तर कोणीही जाणता मनुष्य पेन ड्राइव्हवर लिनक्स घालून त्यावरून यंत्र सुरू करू शकतो आणि विंडोजला न जागवता, पासवर्डाचे एक अक्षरही न टंकता, तुमची छायाचित्रे, पत्रे, आयकराची विवरणे शांतपणे उतरवून घेऊ शकतो. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी तेच. मोकळ्या माळावर नुसती चौकट उभी करून तिला भक्कम दार बसवावे, त्यातला हा प्रकार आहे. आणि त्या दाराला कुलूप असावे की नसावे यावर घरोघरी वाद चालतात!

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे प्रकरण आहे, ते या संदर्भात मला वारंवार आठवते. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानून, स्थळ पाहून दोन-तीन दरवाजे व चोरदिंड्या कराव्यात, मात्र रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच चालू ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील त्या राजनीतिज्ञाने सोय आणि सुरक्षितता यांना एकमेकींच्या वैरिणी मानलेले नाही. रोजच्या राबत्याला दरवाजे लागणारच हे त्याने गृहीत धरले, आणि त्याचबरोबर तट अभंग राखण्यावरही भर दिला. आपल्या यंत्रांचा तट म्हणजे डिस्कचे कूटन. विंडोजमधील ‘बिटलॉकर’ २००७ पासून लोकांच्या हाती आहे, आणि २०२१ च्या विंडोज ११ ने तर त्यासाठी उपयोगी पडणारी टीपीएम ही सुरक्षा-चिप यंत्रात असण्याची अटच घातली. हा तट उभा असेल तर पेन ड्राइव्हवाल्या माणसाच्या हाती नुसता निरर्थक आकड्यांचा कचरा लागतो. तो नसेल तर पासवर्ड आठ अक्षरांचा असो वा अठरा, त्याने फार काही राखले जात नाही. एवढी साधी गोष्ट आपल्याकडे संगणक विकणारे लोक गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आप्पांचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. त्यांनी विचारले, “पण माझ्या यंत्रात आहे काय एवढं?” वीस वर्षांपूर्वी असे विचारणाऱ्याला ‘फारसे काही नाही’ असे सांगता आले असते, चार पत्रे, एखादा पत्त्यांचा खेळ, लग्नातले फोटो. पण दार तेच राहून दारामागचे घर हळूहळू पालटत गेले आहे. आम्ही दोघांनी कागद घेऊन मोजदाद केली. बँकेचे खाते, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, आधार आणि पॅन यांच्या प्रती, मेलबर्नला असलेल्या मुलाबरोबरचा सारा पत्रव्यवहार, मृत्युपत्राचा मसुदा, आणि कायम उघडी राहणारी ई-मेलची पेटी. बँकेच्या व्यवहाराला मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचा स्वतंत्र पहारा आहे, म्हणून लॉगिनचा पडदा काढला की लगेच पैसे गेले असे मुळीच नाही, आणि तशी भीती घालणेही बरोबर नाही. खरे मर्मस्थान ई-मेल हे आहे. ‘पासवर्ड विसरलात?’ या ओळीवर टिचकी मारली की जवळजवळ प्रत्येक सेवा नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा ई-मेलवर धाडते. ज्याच्या हाती ती पेटी, त्याच्या हाती बाकीच्या बहुतेक पेट्यांच्या किल्ल्या नव्याने घडवण्याचा परवाना.

“आणि चोर कोण?” हेही आप्पांनी विचारले. घरात येणारी माणसे विश्वासाची आहेत, त्यांच्यावर संशय घेणे त्यांना पसंत नव्हते, मलाही नाही. पण यंत्र दुरुस्तीला नेले जाते. घर बदलते, जुने यंत्र विकले वा दिले जाते. पाहुण्यांची मुले खेळायला बसतात आणि कोणतेही पान उघडून कशालाही होकार देतात. घरफोडी झाली तर चोर टीव्हीबरोबर संगणकही उचलतो. यांपैकी कोणालाही पासवर्ड फोडायचा नसतो. ते केवळ जे उघडे आहे त्यातून आत येतात. लॅपटॉपच्या बाबतीत मी याहून कठोर आहे. एसटीच्या आसनाखाली किंवा लोकलच्या फळीवर विसरता येते अशा यंत्रावर लॉगिनचा पडदा टाळू नये, मग त्यात काही असो वा नसो.

तरीही अडथळा वाढवत नेला की सुरक्षितता वाढते, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते, आणि तिच्याविरुद्ध पुरावा मुबलक आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा १५ जणांनी एकाच अक्षरावर, ७२ जणांनी दोन अक्षरांवर आणि ४६४ जणांनी तीन अक्षरांवर भागवले होते. एकूण ८६ टक्के शब्द अत्यंत लहान, सरळ शब्दकोशातले किंवा सहज शोधता येण्याजोगे निघाले. यावर उपाय म्हणून सक्ती आली: मोठे अक्षर हवे, आकडा हवा, चिन्ह हवे, दर काही महिन्यांनी बदल हवा. परिणाम काय झाला तो आप्पांच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहिलेला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत २००३ साली ज्यांनी असे नियम लिहिले त्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, आणि त्याच संस्थेने त्याच वर्षी नियम फिरवून सांगितले की उगीच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, चिन्हांचा आग्रह सोडावा, लांबीला महत्त्व द्यावे.

इस्पितळांतील उदाहरण तर मन हेलावणारे आहे. डॉक्टर वा परिचारिका यंत्रापासून दूर गेल्या की ते आपोआप बंद व्हावे म्हणून अमेरिकेत काही ठिकाणी माणसाचे सान्निध्य ओळखणारे संवेदक बसवले गेले. रुग्णाकडे दोन पावले वळताच यंत्र बंद, परत येताच पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड. तेव्हा तेथील माणसांनी त्या संवेदकांवर थर्माकोलचे पेले उपडे घातले, म्हणजे यंत्राला कोणीतरी सतत समोर आहे असे वाटत राहावे. या लोकांना बेजबाबदार म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. त्यांच्यापुढे मरणोन्मुख मनुष्य होता, आणि व्यवस्था बांधणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला नव्हता. आपल्या कचेऱ्यांतूनही साहेबांचा पासवर्ड कारकुनाला आणि कारकुनाचा शिपायाला ठाऊक असतो तो बहुधा काम अडू नये म्हणून. वास्तविक दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि उद्या काही विपरीत घडले तर नोंद ज्याच्या नावाची, जबाबही त्याचाच घेतला जाईल. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन अभ्यासकांनी १९७५ मध्येच सुरक्षिततेच्या तत्त्वांत ‘मनाला पटण्याजोगेपणा’ हे एक तत्त्व म्हणून नोंदवून ठेवले होते. संरक्षणाची रीत वापरायला इतकी सुलभ हवी की माणसाने ती न कंटाळता, सवयीने पाळावी. सोय ही सुरक्षिततेतून वजा करायची रक्कम नाही. ती जमेच्या बाजूला मांडायची आहे.

तोडगा निघाला तो आप्पांच्याच तोंडून. चौथ्या दिवशी ते म्हणाले, “अरे, आमच्या कोषागारात याचा निकाल केव्हाच लागलेला होता.” कोषागाराच्या भक्कम खोलीत ऐवज दोन प्रकारे ठेवला जाई. रोजच्या देवघेवीला लागणारी रोकड आणि मुद्रांक एकेरी कुलपात, एका माणसाच्या किल्लीने उघडणाऱ्या. आणि उरलेला सारा साठा दुहेरी कुलपात, ज्याच्या दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या जबाबदार अधिकाऱ्यांपाशी. सकाळी हिशेबाने दुहेरीतून एकेरीत घ्यायचे, रोजचे व्यवहार त्यातून भागवायचे. प्रत्येक मुद्रांकासाठी दोन अधिकाऱ्यांना बोलावले असते तर कचेरी बंद पडली असती. सगळाच साठा एकेरीत ठेवला असता तर एखाद्या दिवशी कोषागारच रिकामे झाले असते. “तू मला विचारतोस कुलूप हवं की नको. तसं नसतं रे विचारायचं. कशाला कोणतं, ते ठरवायचं.”

त्याप्रमाणे आम्ही केले. यंत्रावर दोन खाती उघडली. पहिले नित्याचे: त्याला पासवर्ड नाही, नावावर एक टिचकी मारली की आत, त्यात वर्तमानपत्रे, नाट्यगीते, टंकलेखन, बुद्धिबळ. हे खाते साधे, यंत्राच्या मूळ मांडणीत बदल करण्याचा अधिकार नसलेले, त्यामुळे पाहुण्यांच्या मुलांनी कशालाही होकार दिला तरी यंत्राच्या मुळाला सहसा धक्का लागत नाही. दुसरे ऐवजाचे: ई-मेल, बँक, निवृत्तिवेतन, मृत्युपत्र यात, आणि पाच मिनिटे हात लागला नाही की ते आपोआप मिटते, कारण आप्पांची दुपारची वामकुक्षी हाच त्या यंत्राचा सर्वांत बेवारस काळ असतो. दोहोंच्या बाहेरून सबंध डिस्कला कूटनाचा तट.

या दुसऱ्या खात्यासाठी त्यांचा आवाज नसला तरी बोट ‘मी’ म्हणू शकेल का, हे आम्ही आधी पाहिले. अंगठ्याचा ठसा वाचणारे उपकरण लावून पाहिले, पण वयपरत्वे ठशांच्या रेषा झिजतात आणि रेशनच्या दुकानात अनेक वृद्धांना जो अनुभव येतो तोच येथे आला. चेहरा ओळखण्यासाठी अवरक्त किरणांचा कॅमेरा लागतो, तो या यंत्राला नाही. मग सहा आकडी पिन ठरली. नुसते सहा आकडे म्हणजे फक्त दहा लाख शक्यता. आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या सुमारे २०,८८३ कोटी होतात. मग पिन दुबळी नाही का, असा हिशेब आप्पांनी साहजिकच मांडला. पण एटीएमचे चार आकडे ज्या कारणाने पुरतात त्याच कारणाने हे सहा पुरतात. तेथे काही चुका झाल्या की कार्ड अडकते. येथे यंत्रातील ती चिप चुकीचे प्रयत्न मोजते आणि ठरावीक संख्येनंतर उत्तर देणेच थांबवते. शिवाय ही पिन त्या एका यंत्रापुरतीच. कोणाला ती कळली तरी ते यंत्र हाताशी असल्याखेरीज तिचा उपयोग नाही. सहा आकडे आणि तेही उजवीकडच्या मोठ्या कळपट्टीवर, म्हणजे आप्पांच्या बोटांना झेपण्याजोगे. ते त्यांनी माझ्याकडे पाठ वळवायला सांगून ठरवले.

शेवटी राहिली कूटनाची आपत्कालीन किल्ली. मदरबोर्ड बदलला, चिप बिघडली, तर जिच्यावाचून सारा मजकूर कायमचा अंतरेल अशी ४८ अंकांची ती संख्या यंत्राने पडद्यावर दाखवली. ती छापून घेऊ, असे मी म्हटले. आप्पांनी नकार दिला आणि शाईचे पेन मागितले. सहा-सहा अंकांचे आठ गट त्यांनी एकाखाली एक मांडले, मला मोठ्याने वाचायला लावून एकदा ताळा घेतला, मग उलट दिशेने पुन्हा घेतला. कागदाची घडी लिफाफ्यात घालून, लिफाफा लाखेने बंद करून, त्यावर मुलाचे नाव आणि ‘माझ्या पश्चात’ एवढे लिहून त्यांनी तो लोखंडी कपाटात, घराच्या खरेदीखताशेजारी ठेवला. मग खोडरबर घेऊन ते दिनदर्शिकेपाशी गेले.